माहुली, ऑक्टोबरचं ऊन आणि दोन लिटर पाणी

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा किल्ला चढले. वय सेहेचाळीस, राहायला ठाण्यात, आणि डोंगराची ओळख म्हणजे गच्चीवरून दिसणारा येऊर. माझ्या भाच्यानं माहुली सुचवला. ठाणे जिल्ह्यातला उंच किल्ला, सुमारे २,८०० फूट. "मावशी, चढ अंगावर येतो, पण वाट मळलेली आहे. तीन आठवडे जिने चढ, मग जाऊ." मी रोज सात मजले तीनदा चढले-उतरले.

पहाटेची कसारा लोकल, सव्वा तासात आसनगाव, पुढे रिक्षानं माहुली गाव. पायथ्याच्या एका घरात दुपारच्या जेवणाचं सांगितलं, वनखात्याच्या चौकीवर पावती घेतली (हा भाग तानसा अभयारण्यात येतो) आणि सव्वासातला चालायला लागलो.

सुरुवातीची झाडीतली वाट सोपी वाटली. मग चढ लागला. पाऊस जाऊन थोडेच दिवस झाले होते, गवत कमरेएवढं, कडेला सोनकीची पिवळी फुलं, वाटेवर आडवी कोळ्यांची जाळी. डोळ्यांना सगळं गार दिसत होतं, पण हवा कोंडलेली. वाऱ्याची झुळूक नाही, घाम वाळत नाही. तासाभरात माझे दोन लिटरपैकी पाऊण लिटर पाणी संपलं. छाती भात्यासारखी हलायला लागली तशी मी दिसेल त्या दगडावर बसायला लागले, आणि प्रत्येक वेळी उठणं आधीपेक्षा जड जात होतं.

तेवढ्यात वरून एक म्हातारी उतरली. डोक्यावर लाकडाची मोळी, पाय अनवाणी. मला बघून थांबली. "बसू नको बाय. उभ्यानं दम घे. बसलीस का पाय आखडतात." आणि निघून गेली. त्यानंतर मी बसले नाही. वीस-पंचवीस छोटी पावलं, काठीवर भार देऊन उभ्यानं दहा श्वास, पुन्हा पावलं. जिने चढून जे तीन आठवड्यांत जमलं नव्हतं ते त्या एका वाक्यानं जमलं. त्या बाईंचं नावसुद्धा मी विचारलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

माथ्याच्या जरा खाली लोखंडी शिडी आहे. तिचा धसका मी आठवडाभर घेतला होता, प्रत्यक्षात ती दोन मिनिटांत झाली. वर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. महादरवाज्याच्या देवडीत, दगडाच्या गारव्यात टेकल्यावर भाच्यानं सांगितलं, १६३६ साली मुघल आणि आदिलशाही फौजांनी शहाजीराजांना याच किल्ल्यात वेढलं होतं. पुरंदरच्या तहात तो मुघलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. शाळेत हे पाठ केलं होतं. त्या देवडीत बसून ऐकताना मात्र गळा दाटून आला.

कड्यावरून खाली तानसा तलाव चमकत होता, १८९२ पासून मुंबईला पाणी देणारा. माझ्या बाटलीत तेव्हा अर्धा लिटर होतं. वरच्या टाक्यावर शेवाळ साचलेलं, प्यावंसं वाटेना. मला पलीकडे, माहुलीला जोडूनच असलेल्या भंडारगडापर्यंत जायचं होतं. भाच्यानं घड्याळ दाखवलं. "मावशी, साडेबाराला पाठ फिरवायची असं खाली ठरलंय. पाणीही नाही." मी वाद घातला. एवढ्या लांब आलोय, पुन्हा कधी येणार? तो आवाज न चढवता सॅक पाठीला लावून उभा राहिला. मग मीही उठले.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाळलेल्या मातीवर बारीक खड्यांचा घसारा, त्यावरून पाऊल सुटतं. बूट ढिले बांधलेले, त्यामुळे दर पावलाला अंगठे पुढे आपटत होते. भाच्यानं थांबवून नाड्या सोडायला लावल्या, टाच मागे ठोकून घोट्यापाशी घट्ट बांधून दिल्या. उतरायच्या आधीच हे केलं असतं तर डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं नसतं. मग तिरकं उतरायचं, गुडघा किंचित वाकवून, आधी काठी आणि मग पाय. तरीही मांड्या थरथरत होत्या.

माझं पाणी संपलं तेव्हा गाव अजून पाऊण तासावर होतं. भाच्याच्या बाटलीत तीन-चार घोट उरले होते, ते त्यानं मला दिले. मी भंडारगडाचा हट्ट धरला तेव्हाही त्याच्याजवळ एवढंच होतं का, असं विचारलं. "थोडं जास्त होतं," म्हणाला.

गावात पोचलो तेव्हा तीन वाजले होते. त्या घरातल्या वहिनींनी काही न विचारता आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा मग आला. मी दोन तांबे पाणी प्यायले आणि तिसरा भाच्याकडे सरकवला.