कूर्मदासाचा सांगावा

पुणे ते सासवड हा वारीतल्या लांब टप्प्यांपैकी एक. तीस किलोमीटरच्या वर चाल, मधे दिवे घाट आणि त्यात एकादशी. हडपसरलाच माझी उजवी टाच चुरचुरायला लागली होती, घाटाच्या पायथ्याशी तिला फोड आला. कुणाला बोलले नाही. दिंडीतल्या साठी उलटलेल्या बायका डोक्यावर तुळस घेऊन पुढं चालल्यात आणि मी चाळिशीची, महागाचे बूट घातलेली, काय तोंडानं सांगणार?

पहिल्या वळणावर कठड्याला टेकले. खाली माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जोडल्या होत्या, टाळांचा आवाज घाटात घुमत वर येत होता. शेजारी आमच्याच दिंडीतले एक मामा बसले होते. त्यांनी धोतर गुडघ्यावर घेतलं आणि डावा पाय काढून बाजूला ठेवला.

मी दचकले. तीन दिवस ओळीत त्यांच्या मागं चालत होते, थोडं लंगडतात एवढंच लक्षात आलं होतं. मामांनी खुंटावरचा मोजा काढला, पिळला. घामाचं पाणी निघालं. मग तो वाऱ्यावर धरून म्हणाले, "वाळू द्यायचा घटकाभर. ओला घातला की सोलतंय."

उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेला तेव्हा मामा पस्तिशीत होते. दीड-दोन वर्षं कुबड्यांवर काढली, मग जयपूर फूट बसवला. त्या पायावर ते भरभरून बोलले, पायापेक्षा जास्त तो करणाऱ्यांवर. जयपूरच्या सरकारी इस्पितळातले डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी साठच्या दशकात तो घडवला. त्याआधीच्या विलायती पायाला बूट लागायचा, त्यावर मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे. आपल्याकडं शेतात, देवळात, पंगतीत त्याचा काय उपयोग? या रबरी पावलाला बूट लागत नाही, चिखल चालतो, पाणी चालतं. "म्हंजी वारीसाठीच केलाय बगा," मामा म्हणाले. तसं कुणी ठरवून केलं नसणार, पण त्यांच्यापुढं हे कोण बोलणार!

त्यांचं कौतुक करावं म्हणून मी मुरलीकांत पेटकरांची गोष्ट काढली. पेठ-इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाला, एक गोळी मणक्यात राहिली. उपचार म्हणून पोहायला लागला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन आला. एकट्यानं मिळवलेलं भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मात्र २०१८ ला. मामांनी नीट ऐकून घेतलं, दोन्ही हात जोडले. मग म्हणाले, "त्ये वाघ. पर ताई, त्येंना पयलं यायचं हुतं. मला कुठं पयलं जायचंय?"

आणि त्यांनी कूर्मदास सांगितला. मामा माढा तालुक्यातले, लऊळ त्यांच्या गावापासून जवळच, त्यामुळं कूर्मदास म्हणजे घरचाच माणूस. पैठणचा, जन्मतः हातपाय नसलेला. कीर्तनात पंढरीचं वर्णन ऐकलं आणि पोटावर सरपटत निघाला. लऊळपर्यंत आला आणि त्याच्या ध्यानात आलं की एकादशीला काही आपण पोचत नाही. मग त्यानं पुढं जाणाऱ्या वारकऱ्यांपाशी देवाला सांगावा दिला की मला येववत नाही, तूच ये. आणि देव आला, वाटेत अरणला सावतोबाच्या मळ्यात थांबून आला. लऊळला आजही कूर्मदासाचं देऊळ आहे.

ही कथा मी लहानपणी ऐकली होती, पण मला आठवत होतं ते त्याचं सरपटणं. मामांना आवडायचा तो सांगावा. "येववत न्हाय असं देवाला सांगाया लाज न्हाय वाटली त्याला," ते म्हणाले आणि माझ्या बुटाकडं बघितलं. "काढा ते. कवाधरनं तोंड वाकडं करताय."

फोड त्यांनी सुई-दोऱ्यानं फोडला. दोरा आतच ठेवायचा, पाणी झिरपून जातं. डॉक्टर लोक यावर काय म्हणतील ते म्हणोत, लोणंदपर्यंत माझी टाच बरी झाली.

त्यानंतर मी त्यांच्या वेळेनं निघायला लागले. दिंडीच्या आधी दोन तास, अंधारात. दिवसभर चालून खुंट बारीक होतो, पाय सैल पडतो, म्हणून दुपारनंतर मामा आणखी एक मोजा चढवत. दर तासाला बसत. मागून येणारे त्यांना ओलांडून जात, "माऊली, माऊली" म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला मात्र पहिले चार दिवस फार वाटायचं, हेही कबूल करते.

खुडूसच्या रिंगणात घोडा धावून गेल्यावर टापांखालची माती घ्यायला झुंबड उडाली. मी पदरात घेऊन मामांच्या कपाळाला लावली. त्याच रात्री वेळापूरला त्यांनी पाय काढला तर मोजा लाल. जखम खोल होती. दिंडीबरोबरच्या डॉक्टरांनी पाय चढवायचा नाही म्हणून बजावलं. ट्रकमध्ये बसून पंढरपूर गाठता आलं असतं, विणेकरीबुवांनी तसं म्हटलंही. पण त्या गर्दीत, चिखलात, एका पायावर? सकाळी मुलगा जीप घेऊन आला.

मामा रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी काढलेला पाय मांडीवर घेतला, जीपमध्ये बसले आणि म्हणाले, "कळस दिसला की माझा बी सांगावा द्या. म्हनावं, माढ्यापातूर आलाय."

वेळापूर माढ्याच्या अलीकडंच राहतं, पण मी हिशोब केला नाही.

एकादशीला दर्शनाच्या रांगेत उभं राहणं शक्यच नव्हतं. नामदेव पायरीजवळच्या रेट्यात कसंबसं मान वर करून कळस बघितला. आधी त्यांचा निरोप सांगितला, मोठ्यानं. बाजूच्या बाईनं वळून बघितलं. मग स्वतःसाठी काहीतरी मागायचं होतं, घरून ठरवून आणलेलं, ते काही केल्या आठवेना.

संध्याकाळी फोन केला. मी काही बोलायच्या आत मामांनी विचारलं, "टाच कशी हाय?"