शेजारी बसलेली मदत

इथल्या शाळेत मूल घातलं की घरून फोनवर पहिला प्रश्न येतो, “वर्गात मुलं किती?” आणि तीस म्हटलं की लगेच, “मग एकटी बाई सांभाळते कशी?” एकटी नसते. इंग्लंडमध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं नकोत असा कायदाच आहे, शिवाय जोडीला बहुधा वर्गात मदत करणारी टीचिंग असिस्टंट असते. सगळे तिला टीए म्हणतात.

मी आठवड्यातली एक सकाळ जवळच्या प्राथमिक शाळेत मुलांचं वाचन ऐकायला जाते. काम बिनपगारी, पण त्यालाही आधी गुन्ह्यांच्या नोंदी तपासणारा डीबीएस दाखला लागतो, आणि दर वेळी दारात सही करून गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवावा लागतो. माझ्या कोपऱ्यातून वर्ग छान दिसतो. बाईंनी विचारलं, सात आणि पाच किती? एक मुलगा बोटं उघडायला लागला. तेवढ्यात शेजारची टीए हळूच म्हणाली, “दहा... आणि वर दोन...” वहीत बारा उमटले. वही अगदी नीटनेटकी. पोरगं मात्र सगळा वेळ तिच्या तोंडाकडे बघत होतं.

ही टीए प्रेमळ आहे, त्यात शंका नाही. पण नेमक्या याच दृश्याचा इथे मोठा अभ्यास झालेला आहे. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधले पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांचे सहकारी काही वर्षं शाळाशाळांतून टीए काय करतात ते पाहत होते. २००९ साली निष्कर्ष आले आणि खळबळ उडाली. ज्या मुलांना टीएची मदत जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली होती. मुळात ती मुलं अभ्यासात मागे असतील, हे गृहीत धरून हिशेब केला तरी तेच. कारण ऐकलं की कपाळावर हात मारावासा वाटतो. ज्याला सर्वात जास्त गरज, त्याच्या वाट्याला प्रशिक्षित शिक्षिका सर्वात कमी येत होती! टीएला तर धडा कोणता हे बहुतेकदा वर्गात शिरल्यावरच कळायचं, कारण शिक्षिकेशी बोलायला वेळच राखलेला नव्हता. मग ती पान पूर्ण करून घेण्याच्या मागे लागायची. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात शिक्षकांचा ताण आणि कामाचा बोजा मात्र कमी झालेला दिसला.

म्हणून टीए काढून टाका, असं कुणी म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं. त्याच टीएला प्रशिक्षण देऊन, ठरलेला छोटा पाठ लहान गटाला घ्यायला लावला की चित्र पालटतं. एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशन ही २०११ पासूनची संस्था शाळांसाठी असे पुरावे जमवते. तिच्या कोष्टकात अशा पाठांपुढे सरासरी चार महिन्यांची जादा प्रगती लिहिलेली आहे.

याच संस्थेने सकाळच्या नाश्त्याचाही प्रयोग करून घेतला. शाळा भरण्याआधी मोफत ब्रेकफास्ट क्लब चालवले, तेव्हा दुसरीच्या मुलांची प्रगती सुमारे दोन महिन्यांनी पुढे गेली. पण नाश्ता करणाऱ्या मुलांची एकूण संख्या फारशी वाढलीच नव्हती, बरीच मुलं आधी घरी खातच होती. फायदा नुसत्या खाण्याचा नसून क्लबला येण्याचाही असावा, असा संशोधकांचा कयास. वर्गातलं वागणं सुधारलं, त्यामुळे क्लबला न जाणाऱ्यांचंही थोडं भलं झालं असणार. मला विचाराल तर सकाळची धावपळ वाचलेल्या आयांचाही यात वाटा धरायला हवा.

आणि घर? १९९७ पासून इथे तीन हजारांवर मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. आईवडील कोण आहेत, काय शिकलेत यापेक्षा ते मुलांबरोबर काय करतात, याला जास्त वजन निघालं. वाचून दाखवणं, गाणी, वाचनालयाची फेरी, अक्षरांशी खेळणं. आपल्याकडचे काही पालक इथे आले की इंग्रजी सुधारावं म्हणून घरातलं मराठी बंद करतात. शाळा उलट सांगते, तुमच्या भाषेतच भरपूर बोला. मुलांच्या दप्तरात एक वाचनवही येते, घरी काय वाचलं ते पालकांनी लिहायचं. तिथे मराठी पुस्तकाचं नाव लिहिलं तरी चालतं. शिक्षिका खाली शेरा देते आणि पुढच्या भेटीत गोष्ट काय होती ते मुलाला वर्गाला सांगायला लावते.