सॉकेट ७ बोर्ड: आधी व्होल्टेज, मग बाकी सगळं

सॉकेट ७ च्या, म्हणजे पेंटियमच्या काळातल्या जुन्या मदरबोर्डावर प्रोसेसर बदलायचा म्हटलं की हात आधी मेगाहर्ट्झच्या जंपरकडे (पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीकडे) जातो. ही सवय मोडायला हवी. मेगाहर्ट्झ चुकले तर मशीन हळू चालतं, मध्येच अडकतं किंवा सुरूच होत नाही; टोपी दोन पिना सरकवली की विषय मिटतो. व्होल्टेज चुकलं तर चिपच जाते, आणि पेंटियम एमएमएक्स किंवा के६ यांसारखे जुने प्रोसेसर आता कुणीही बनवत नाही. सॉकेट ७ च्या बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर ओळखून व्होल्टेज आपोआप ठरवणारी सोय नसते. जंपर सांगेल तेवढे व्होल्ट बोर्ड मुकाट्याने देतं. म्हणून क्रम ठरलेला असावा: चिप वाचा, बोर्ड वाचा, व्होल्टेज लावा, ते मीटरने मोजा, आणि मगच वेगाकडे वळा.

चिप वाचणं सोपं आहे. एएमडीच्या के६ आणि के६-२ वर कोर (चिपच्या आतल्या भागाचं) आणि आय/ओ (बाहेरच्या जोडण्यांचं) व्होल्टेज वरच छापलेलं असतं. के६ चे १६६ आणि २०० मेगाहर्ट्झवाले २.९ व्होल्टचे, २३३ वाला ३.२ व्होल्टचा, के६-२ बहुतेक २.२ चे आणि वरच्या वेगाचे काही २.४ चे. दोन चिपा शेजारी ठेवल्या तर दिसायला सारख्याच, म्हणून आठवणीवर न जाता छापील आकडाच खरा मानायचा. पेंटियम एमएमएक्सचं कोर २.८ व्होल्टचं, आय/ओ ३.३ व्होल्टचं. एमएमएक्स नसलेल्या जुन्या पेंटियमला एकच व्होल्टेज लागतं, पण त्यातही दोन प्रकार आहेत. चिपवरच्या एस-स्पेक या ओळख क्रमांकानंतर तिरकी रेघ आणि तीन अक्षरं असतात. पहिलं अक्षर ‘एस’ असेल तर साधं ३.३ व्होल्ट चालतं. ‘व्ही’ असेल तर ३.४ ते ३.६ च्या मध्ये द्यावं लागतं, बोर्डांवर ते सहसा ३.५ म्हणून लिहिलेलं असतं. सायरिक्स ६एक्स८६ आणि ६एक्स८६एल यांची नावं जवळजवळ सारखी, पण पहिला ३.५ च्या आसपासचा आणि दुसरा २.८ चा. शेवटचं एक अक्षर नजरेतून सुटलं तर चिप भाजते.

आता बोर्ड. मॉडेल क्रमांक बहुतेक वेळा पीसीआय स्लॉटांच्या मधल्या पट्टीत किंवा कडेला छापलेला असतो, आणि त्याच्या शेजारीच ‘रेव्ह’ (आवृत्ती क्रमांक) असतो. हा रेव्ह महत्त्वाचा. एकाच मॉडेलच्या दोन रेव्हमध्ये जंपरचे क्रमांक तेच राहून अर्थ बदललेले असू शकतात. क्रमांक सापडला नाही तर मशीन चालू करून पडद्याच्या तळाशी येणारी बायॉसची (बोर्ड सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामची) लांबलचक ओळ टिपून घ्या. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये त्या ओळीतला एक तुकडा चिपसेट (बोर्डावरच्या मुख्य चिपांचा संच) सांगतो: २ए५९आय म्हणजे इंटेल ४३०टीएक्स, २ए५९जी म्हणजे ४३०व्हीएक्स. त्यापुढची अक्षरं बोर्ड बनवणाऱ्याची खूण असतात. ‘द रेट्रो वेब’ या संकेतस्थळावर अशा बोर्डांची माहितीपुस्तकं, फोटो आणि बायॉस फाइली नीट लावून ठेवल्या आहेत. पुस्तक नाहीच मिळालं तर बोर्डावर छापलेला तक्ता बघा. प्रोसेसरच्या आसपास किंवा कडेला बारीक अक्षरांत तो असतो, आणि हातातल्या बोर्डाच्या रेव्हशी तो सहसा जुळतो.

तक्ता वाचताना सगळं पिन १ कुठली यावर अवलंबून आहे. पांढऱ्या छपाईत ज्या टोकाला आकडा, बाण किंवा जाड रेघ असेल ती पिन १. छपाई पुसट असेल तर बोर्ड उलटं करा: मागच्या बाजूला पिन १ चा सोल्डर सहसा चौकोनी असतो, बाकीचे गोल. ‘१-२’ म्हणजे टोपी पहिल्या दोन पिनांवर, ‘२-३’ म्हणजे पुढच्या दोन पिनांवर. ‘ओपन’ लिहिलं असेल तर टोपी फेकू नका, एकाच पिनेवर लटकवून ठेवा. विजेच्या दृष्टीने ते उघडंच राहतं आणि टोपी हरवत नाही. काहीही काढण्याआधी सगळ्या जंपरांचा जवळून फोटो घ्या, तोही सरळ वरून, कारण तिरक्या फोटोत टोपी कुठल्या जोडीवर आहे ते कळत नाही. टोपी काढताना सरळ वर ओढायची. वाकडी ओढली की पिन वाकते, आणि शेजारच्या पिनेला टेकलेली पिन शोधायला अर्धा दिवस जातो. जुन्या टोप्यांच्या आतली पितळी पट्टी सैल झालेली असते. टोपी अलगद बसली आणि फुंकरीने हलत असेल तर ती बाद समजा. व्होल्टेजच्या जंपरवर तर तशी टोपी अजिबात नको, कारण तिथे संपर्क तुटला की रेग्युलेटर (व्होल्टेज ठरवणारा भाग) भलताच आकडा देऊ शकतो.

सुरुवातीच्या काही बोर्डांवर कोर आणि आय/ओ वेगळे करण्याची सोयच नाही. तिथे पी५४सी म्हणजे जुना पेंटियमच चालतो, एमएमएक्स लावू नये. पी५४सी आणि पी५५सी असा एक वेगळा जंपर किंवा जंपरांचा गट बोर्डावर दिसला तर दोन्हीची सोय आहे. पी५५सी म्हणजेच एमएमएक्स, आणि के६ लाही तीच बाजू.

मोजणीचा टप्पा बहुतेक जण टाळतात, आणि तोच सर्वांत मोलाचा. सॉकेट रिकामं ठेवा, रॅम आणि कार्डं काढा, पॉवर सप्लायला भार म्हणून एखादी जुनी हार्डडिस्क जोडा (काही जुने एटी प्रकारचे सप्लाय भाराशिवाय चालूच राहत नाहीत), आणि सुरू करा. मीटरचा काळा प्रोब पॉवर कनेक्टरच्या काळ्या तारेवर, लाल प्रोब सॉकेटच्या शेजारच्या मोठ्या कपॅसिटरच्या धन पायावर. एका गटावर आय/ओचे सुमारे ३.३ व्होल्ट दिसतील, दुसऱ्यावर कोरचे. २.८ लावलं असेल तर २.८ च्या अगदी जवळचा आकडा हवा; भार नसताना किंचित वर दिसला तरी चालतं. ३.३ किंवा ३.५ दिसत असेल तर जंपर चुकला आहे, आणि ते चिप बसवण्याआधी कळलं. प्रोब घसरून दोन पाय जोडले जाणार नाहीत याची काळजी घ्या: एक हात मोकळा ठेवा आणि घाई करू नका.

वेगाचं गणित त्यामानाने सोपं: बसचा वेग गुणिले गुणक. पेंटियम १३३ म्हणजे ६६ × २, १५० म्हणजे ६० × २.५, १६६ म्हणजे ६६ × २.५, २०० म्हणजे ६६ × ३. गुणकाचे जंपर बीएफ० आणि बीएफ१ नावाचे, नंतरच्या बोर्डांवर बीएफ२ सुद्धा. इथे एक गंमत आहे जी माहीत असली की जुन्या बोर्डाचं आयुष्य वाढतं. गुणक बोर्ड ठरवत नाही. बोर्ड फक्त पिना वर किंवा खाली करतं, त्याचा अर्थ चिप लावते. म्हणून २३३ चा एमएमएक्स १.५ च्या जागेवर ठेवला की तो स्वतः ३.५ समजतो, आणि ६६ × ३.५ म्हणजे २३३ मिळतात. तक्त्यात ३.५ नाही म्हणून अडायचं कारण नाही. तसंच नंतरचे के६-२ दोनच्या गुणकाला सहा समजतात, त्यामुळे ६६ च्या बोर्डावरही ४०० मेगाहर्ट्झ निघतात, अर्थात २.२ व्होल्ट देणं त्या बोर्डाला जमत असेल तरच. काही बोर्डांवर ७५ आणि ८३ च्या बसचेही जंपर असतात. ६६ वर पीसीआय ३३ वर चालते. ८३ वर ती निम्म्याने म्हणजे ४१ च्या वर जाते आणि हार्डडिस्कवरचा डेटा बिघडायला लागतो. तो मोह टाळावा.

चिप बसवताना सॉकेटचा दांडा पूर्ण उभा करा. चिपचा कापलेला कोपरा किंवा ठिपका सॉकेटच्या पिन १ च्या कोपऱ्याशी जुळवा, चिप स्वतःच्या वजनाने खाली बसली पाहिजे. दाबावी लागली तर थांबा, कुठेतरी पिन वाकली आहे. हीटसिंकची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबताना तो घसरतो आणि बोर्डावरची बारीक रेघ कापतो. सॉकेटच्या बाजूला जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला की हा धोका राहत नाही. थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

रॅममध्ये ७२ पिनांच्या सिमचा (जुन्या रॅमपट्टीचा) नियम पक्का आहे: पेंटियमची बस ६४ बिटची, सिम ३२ बिटची, म्हणून जोडीनेच, आणि जोडीतल्या दोन्ही एकसारख्या. सिम तिरकी घालून मग उभी करायची, दोन्ही बाजूंच्या चिमट्या आपोआप टक् करून लागतात. प्लास्टिकच्या चिमट्या जुन्या होऊन ठिसूळ झालेल्या असतात, त्यांना नखाने फाकवू नका. सिम आणि १६८ पिनांची डिम (नंतरची रॅमपट्टी) एकत्र लावू नये: सिम ५ व्होल्टची, डिमवरची एसडीरॅम ३.३ ची. काही बोर्डांवर डिमच्या व्होल्टेजचा वेगळा जंपर असतो, तो ५ वर राहिला तर एसडीरॅम जळते. आणि ४३०टीएक्स व ४३०व्हीएक्स फक्त पहिले ६४ एमबी कॅशमध्ये (वेगवान मधल्या मेमरीत) घेतात. १२८ एमबी लावलं की विंडोज ९८ वरच्या टोकापासून मेमरी वापरतं, म्हणजे नेमकी कॅश नसलेली, आणि मशीन उलट मंदावतं. या बोर्डांवर ६४ हाच योग्य आकडा.

एटी पॉवरचे पी८ आणि पी९ हे दोन कनेक्टर लावताना काळ्याला काळं, म्हणजे दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये एकमेकींना लागून. उलटे बसले तर बोर्ड वाचत नाही. एटी कॅबिनेटच्या पुढच्या स्विचवर थेट घरातली वीज येते. त्याचे खटके उघडे दिसत असतील तर आधी प्लग काढा, मग हात लावा.

आयडीई म्हणजे डिस्कच्या जोडणीत मास्टर-स्लेव्हचा (केबलवरच्या पहिल्या-दुसऱ्या डिस्कचा) जंपर ड्राइव्हवर असतो, तक्ता त्याच्या लेबलवर. एका केबलवर दोन मास्टर किंवा दोन स्लेव्ह असले की दोन्ही गायब होतात. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या डिस्कांवर ‘एकटा’ आणि ‘मास्टर, सोबत स्लेव्ह’ या वेगळ्या जागा आहेत. एकट्या डिस्कवर मास्टरची टोपी ठेवली तर बायॉस बराच वेळ थांबून डिस्क नाही म्हणतं. केबलची लाल कड पिन १ कडे. ८० तारांच्या केबलचं निळं टोक बोर्डाला, काळं मास्टरला, राखाडी स्लेव्हला. अशा केबलमध्ये २० क्रमांकाचं छिद्र बुजवलेलं असतं, आणि बऱ्याच जुन्या बोर्डांवर ती पिन असते. जोर लावू नका, साधी ४० तारांची केबल घ्या. या बोर्डांच्या वेगाला ती पुरते. मोठी डिस्क ओळखतानाच मशीन गोठत असेल तर बहुधा बायॉसची ३२ जीबीची मर्यादा आडवी आली आहे. बऱ्याच डिस्कांवर क्षमता ३२ जीबीवर आणणारा जंपर असतो. फ्लॉपीची केबल उलटी लागली की तिचा दिवा सुरू झाल्यापासून विझतच नाही.

जंपरवाली आयएसए (जुन्या प्रकारच्या स्लॉटमधली) कार्डं बायॉसला आपलं नाव सांगत नाहीत. साउंड कार्ड २२० या पत्त्यावर, आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधायची ओळ) ५, डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाणीचा मार्ग) १ वर आणि नेटवर्क कार्ड ३००, आयआरक्यू १० वर ठेवलं, तर बायॉसच्या पीएनपी/पीसीआय पानावर ५ आणि १० हे ‘लेगसी आयएसए’साठी राखून ठेवा, नाहीतर पीसीआय कार्ड तोच आयआरक्यू उचलतं. ३, ४, ७, १४ आणि १५ यांना हात लावू नका, ते आधीच घेतलेले असतात. माऊसचा कॉम पोर्ट बायॉसमध्ये दिसतो पण माऊस हलत नाही, असं झालं तर मागच्या पट्टीची केबल तपासा. त्या केबली दोन प्रकारे जोडलेल्या मिळतात आणि दिसायला हुबेहूब असतात. दुसऱ्या बोर्डाची पट्टी इथे चालेलच असं नाही.

सीमॉस (बायॉसच्या सेटिंग जपणारी मेमरी) साफ करायचा जंपर २-३ वर नेऊन काही सेकंदांनी १-२ वर परत आणायचा, आणि ते करताना वीज पूर्ण बंद. एटीएक्स (एटीनंतरच्या प्रकारचा) सप्लाय बंद दिसला तरी ५ व्होल्ट स्टँडबाय चालूच असतात, म्हणून प्लगच काढा. जंपर २-३ वर विसरला तर बरीच बोर्डं मेल्यासारखी वाटतात.

पहिल्यांदा सुरू करताना प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर एवढंच लावा. अवॉर्ड बायॉसचा एक लांब आणि दोन आखूड आवाज म्हणजे डिस्प्ले कार्डची तक्रार, एकसारखा आवाज येत राहिला तर रॅम. पडद्यावर वेग आला की लगेच हीटसिंकला बोट लावून बघा. दोन मिनिटांत चटका बसत असेल तर बंद करा आणि व्होल्टेज पुन्हा मोजा. सगळं ठीक असून फक्त कीबोर्ड मेलेला असेल तर तो चालू मशीनमध्ये लावला-काढला गेला असण्याची शक्यता मोठी. कीबोर्डच्या सॉकेटजवळ बऱ्याचदा एफ१ छापलेला छोटा फ्यूज असतो. वीज बंद करून मीटर कंटिन्युइटीवर ठेवा. बीप आला नाही तर बोर्ड नव्हे, फ्यूज बदलायचा आहे.