१०.८

दोलकाचं प्रॅक्टिकल आम्ही गेली तीन वर्षं टॅबवर घेतो. दोरीची लांबी बोटाने सरकवायची, गोळा सोडायचा. दोलनकाल आपोआप तक्त्यात भरला जातो आणि गुरुत्वीय त्वरण येतं ९.८. दरवेळी, प्रत्येकाचं. त्या दिवशी नेटवर्क गेलं. तास वाया जाऊ नये म्हणून मी कपाटातून दोरी, धातूचे गोळे आणि स्टॉपवॉच काढले.

एक मीटर दोरी आणि वीस दोलनं. अर्ध्या तासाने वह्या बघत फिरलो, तर जिकडेतिकडे ९.८. बरं वाटलं. मग सहज एका वहीतलं रीडिंग पाहिलं. वीस दोलनांना ३८.३ सेकंद. त्यातून ९.८ निघूच शकत नाही! पुढच्या दोन-तीन वह्यांतही तीच गत. उत्तर सगळ्यांना पाठ होतं, आकडेमोड कुणी केलीच नव्हती. ही सवय मीच लावली, हे तिथेच उभ्या उभ्या लक्षात आलं आणि पोटात खड्डा पडला.

मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र रडवेली होऊन बसली होती. तिच्या वहीत १०.८.

“सर, माझं चुकलंय. तीनदा केलं, तरी हेच येतंय.”

“आकडेमोड बरोबर आहे तुझी,” मी म्हटलं. “मग घोळ कुठे आहे, ते शोधू या.”

तिने दोरी पाहिली, स्टॉपवॉच पाहिलं, थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, तुमच्या मोबाइलवर शूट करू?”

व्हिडिओ सावकाश चालवला. चार डोकी त्या छोट्या स्क्रीनवर वाकलेली. गोळा हातातून सुटला त्याच क्षणी तिचा जोडीदार म्हणाला, “एक.” पुन्हा मागे नेऊन पाहिलं. पुन्हा “एक.” म्हणजे ‘वीस’ म्हणेपर्यंत दोलनं झाली होती एकोणीस! बाकीच्या गटांनीही असंच मोजलं होतं. टॅबवर मोजायची वेळच येत नाही, तर शून्यापासून सुरुवात करायची हे त्यांना कळणार कसं?

२०१५ साली ओईसीडीने, म्हणजे मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने, एक अहवाल काढला होता. ज्या देशांनी शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केला, तिथल्या मुलांच्या वाचन, गणित, विज्ञानाच्या निकालांत म्हणावी अशी सुधारणा दिसली नाही, असं त्यात होतं. तेव्हा मला तो निराशावादी वाटला होता. टॅब फेकून द्या असं मी आजही म्हणणार नाही. चंद्रावरचा दोलक मी दुसरीकडे कुठे दाखवणार? पण तोच मोबाइल त्या मुलीने आपली शंका फेडायला वापरला, आणि तीन वर्षांत माझ्या वर्गातल्या कुठल्याही उपकरणाचा इतका चांगला उपयोग झाला नव्हता. उद्या ही मुलं जिथे कामाला लागतील, तिथे आकडे यंत्रंच देतील. एखादा आकडा खटकला तर थांबून शोधणारं माणूस तिथे लागेल, आणि ते घडवायचं काम माझं आहे.

तिने पुन्हा मोजलं, या वेळी शून्यापासून. ४०.३ सेकंद. उत्तर ९.७. वर्गाने टाळ्या वाजवल्या, मीही.

ती मात्र अजून दोरीकडेच बघत होती. “सर, आम्ही लांबी गाठीपर्यंत मोजली. गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी होती का?”

घंटा झाली होती. कुणी उठलं नाही. मी पट्टी आणायला गेलो.