१:२४ पस मॉथ: सांगाडा पुरा झाला, जिप्सी उलटं बसलं

पस मॉथ या जुन्या ब्रिटिश विमानाचं १:२४ मापाचं मॉडेल करतोय, त्याच्या धडाचा सांगाडा एकदाचा पुरा झाला. चार मुख्य दांड्यांना १ मिमीची पितळी तार, आडव्या-तिरप्या दांड्यांना ०.८ मिमीची, आणि प्रत्येक सांधा सोल्डर करून फाइलने साफ केलेला. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२० मीटर आणि लांबी ७.६२ मीटर. म्हणजे माझ्या टेबलावर ४६७ मिमी आणि ३१७ मिमी. कपाटात मावेल, आणि बारकावेही नीट दिसतील.

धडाच्या डाव्या बाजूवर कापडाच्या जागी टिश्यू (पातळ कागद) चढवणार, उजवी बाजू उघडीच ठेवणार. डी हॅविलंड कंपनीचा पहिला नमुना, डीएच ८०, ९ सप्टेंबर १९२९ ला उडाला तेव्हा त्याचं धड लाकूड-प्लायवूडचं होतं. कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादन सुरू करताना त्यांनी ते बदलून वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड असं केलं, आणि त्याचं नाव ८०ए पस मॉथ. एवढा मोठा बदल कापडाखाली झाकून टाकायला माझं मन होत नाही. पंख मात्र लाकडीच राहिले, आणि मागे दुमडता येणारे. माझ्या रिब्ज (पंखाच्या आडव्या फासळ्या) १ मिमी बाल्साच्या आहेत. स्पार (पंखाचे लांब मुख्य दांडे) बासवूडचे, कारण बाल्साचे स्पार या लांबीला पीळ खातात.

आता इंजिन. या विमानात माझा सगळ्यात जास्त जीव त्यातच अडकलाय. १९२५ च्या पहिल्या मॉथमध्ये सिरस इंजिन होतं. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या रेनॉ व्ही-८ इंजिनांचे भाग घेऊन इंजिन-अभियंते फ्रँक हॅलफर्ड यांनी ते चार सिलिंडरचं बनवलं होतं. तो साठा संपत आल्यावर त्यांनीच डी हॅविलंडसाठी नवं इंजिन आखलं, ते जिप्सी. पण या दोन्हींत सिलिंडर क्रँककेसच्या वर उभे, म्हणजे वैमानिकाच्या नजरेला आडवे. जिप्सी ३ मध्ये हॅलफर्ड यांनी अख्खं इंजिनच उलटं टांगलं: क्रँकशाफ्ट (पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरवणारा दांडा) वर, सिलिंडर खाली. नाकाचा वरचा भाग सपाट झाला, समोरचं दिसायला लागलं, आणि पंखा वर गेल्याने त्याचं टोक जमिनीपासून दूर राहिलं. तेल खाली सिलिंडरांत उतरू नये म्हणून त्याची वेगळी टाकी द्यावी लागली. १२० अश्वशक्तीचं हे साधं, हवेने थंड होणारं इंजिन.

मॉडेलमध्ये सिलिंडरांसाठी ५ मिमीचे मशीन स्क्रू वापरलेत. त्यांचे आटेच कूलिंग फिन्स म्हणून उठून दिसतात. त्यांच्या टोकाला ०.५ मिमी प्लास्टिक शीटची हेड्स, पुशरॉडना पितळी तार. आधी काळा रंग, मग उठावावर ॲल्युमिनियमचा कोरडा ब्रश फिरवला की आट्यांच्या खाचा अंधाऱ्या राहतात आणि धातू झळकतो. इंजिनावरचं झाकण एका बाजूने उघडं ठेवणार आहे.

चाकांच्या पायांनी मात्र मला थक्क केलं. पस मॉथ हवेत इतकं स्वच्छ कापत जायचं की उतरताना वेग लवकर मरत नसे. म्हणून शॉक ॲब्सॉर्बरच्या पायावरचं निमुळतं आवरण वैमानिकाला केबिनमधून काटकोनात फिरवता यायचं. पातळ कड समोर असताना हवा सरळ कापली जायची. रुंद बाजू समोर आली की तोच पाय हवेचा ब्रेक. मी पितळी नळीत नळी घालून हे आवरण खरोखर फिरणारं केलंय. खिळखिळं होऊ नये म्हणून आतल्या नळीवर मेणाचा बारीक थर दिला. ज्यांच्याकडे कुठल्याही मापाचं पस मॉथ आहे त्यांनी हे नक्की करून बघा. विमान पुढून बघताना ते एकदम वेगळंच दिसतं.

या यंत्राची दुखरी बाजूही सांगायला हवी. ऑक्टोबर १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एक पस मॉथ खवळलेल्या हवेत तुटून पडलं, आणि पुढेही तसे जीवघेणे अपघात होत राहिले. तपासाअंती पंखाच्या पुढच्या टेकूला बळ द्यावं लागलं: त्याच्या मध्यापासून पंखाच्या मागच्या मुळापर्यंत जाणारी एक छोटी जादा काठी. वाचताना क्षुल्लक वाटते. पण जास्तीच्या पंखमुळाच्या तुकड्यावर मी ती लावून बघितली, तेव्हा बोटाने दाबल्यावर लवणारा टेकू लगेच ताठ झाला.

तर हेच विमान का? माझ्या दोन महायुद्धांमधल्या कपाटात सुपरमरीन एस.६बी हे शर्यतीचं विमान आधीच आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये त्याने ताशी ४०७.५ मैलांचा विक्रम केला. पस मॉथ जेमतेम १२८ पर्यंत जायचं. तरीही त्या दोन दशकांचा खरा टप्पा मला ठरलेल्या वेळी निघणाऱ्या आणि पोचणाऱ्या विमानात दिसतो. इंपीरियल एअरवेजची इंग्लंडहून येणारी टपालाची वाट १९२९ मध्ये कराचीपर्यंत पोचली. तिथून पुढे टपाल हवेतून न्यायचं ही वैमानिक नेव्हिल विन्सेंट आणि जे. आर. डी. टाटा यांची धडपड. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी साडेसहाच्या सुमाराला जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ घेऊन निघाले. ५५ पौंड, म्हणजे २५ किलो टपाल. वायरलेस नाही, जमिनीवरून वाट दाखवणारं काही नाही. अहमदाबादला थांबा घेऊन दुपारी दोनच्या आत जुहू. पुढचा बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा विन्सेंट यांनी उडवला.

जुहूचं तेव्हाचं मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलवट. पावसाळ्यात तिथे पाणी शिरायचं, म्हणून ते महिने सगळा कारभार पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवायचा. इतकं सगळं सांभाळून पहिल्या पूर्ण वर्षात, १९३३ मध्ये, त्यांनी १,६०,००० मैल उड्डाण केलं, १०.७१ टन टपाल आणि १५५ प्रवासी नेले, आणि वेळ एकदाही चुकू दिली नाही. हे वाचलं तेव्हाच व्हीटी-एडीएन या नोंदणीचं पस मॉथ करायचं ठरलं.

पायथ्याचा देखावा जुहूचा नाही, अहमदाबादचा करतोय. तिथे इंधन बैलगाडीतून यायचं, बर्मा शेल या तेल कंपनीच्या चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांत. उलटं इंजिन, बंद केबिन, फिरणारे पाय असं त्या वेळचं अगदी नवं यंत्र, आणि त्याला पाजायला बैलगाडी! असा देखावा सोडवत नाही. डबे १५ मिमी उंचीचे होतात. चहाच्या डब्यातली जाड ॲल्युमिनियम फॉइल त्यासाठी उत्तम, कडा नखाने दुमडता येतात. काही डब्यांना पोचे पाडून, तेलकट डाग देऊन ठेवलेत. टपालाच्या थैल्या जुन्या मलमलीच्या. आत एपॉक्सी पुट्टी भरून ओली असतानाच दाबल्या, म्हणजे मागच्या जागेत एकमेकींवर वजनाने बसल्यासारख्या दिसतात.

पुढचं काम असं: डाव्या बाजूला टिश्यू, त्यावर पातळ केलेल्या डोपचे (कापड ताणून धरणाऱ्या लाखेचे) दोन हात, मग चंदेरी हात. खऱ्या विमानांवरही कापडाला उन्हापासून जपायला ॲल्युमिनियमची पूड घातलेलं डोप देत, त्यामुळे तो थर मी रंगाखालीही सोडणार नाही. नोंदणीची अक्षरं डेकलने न करता मास्क कापून एअरब्रशने मारणार. दोन पात्यांचा पंखा अक्रोड आणि मेपलच्या व्हिनिअरचे थर चिकटवून कोरायला घेतलाय.

अडलंय ते बैलगाडीच्या चाकांवर. तुंबा लेथवर निघेल, आरेही होतील, पण पाटे (कडेचे वक्र लाकडी तुकडे) लेझरवर कापून घेतले तर कडा जळून काळ्या पडतात आणि पॉलिश पेपरने घासल्यावर माप कमी होतं. या मापाची लाकडी चाकं कुणी केली असतील तर पाट्यांची जाडी किती ठेवली आणि धाव (चाकाभोवतीची पट्टी) कशाची केली, ते जरूर कळवा.