विनागर, तिरफळ आणि निळा पडलेला लसूण

फोंड्याहून पणजीला नोकरीला जायचे म्हणजे डबा सकाळी आठच्या आत भरायचा आणि उघडायचा दुपारी दीडला. एवढ्या वेळात काकडीच्या कोशिंबिरीचे काय होते ते डबा नेणाऱ्याला सांगायला नको. तळाला पाणी, वर मरगळलेल्या फोडी आणि शेजारच्या पोळीचा भिजलेला कोपरा. मीठ लागले की काकडी पाणी सोडणारच. म्हणून ठरवले, भाज्या चिरून कोरड्या न्यायच्या आणि आंबट-खारट काय ते वेगळ्या छोट्या बाटलीत.

लिंबू दोन दिवसांत बाद. सकाळी पिळलेला रस दुपारी कडवट लागायचा. दही बसमधल्या उकाड्यात आणखी आंबायचे. दुकानातले तयार ड्रेसिंग एकदा आणले, तर चव थेट केचपच्या भावकीतली. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या व्हिनेगरची स्वस्त बाटली आणली, तेलात कालवली आणि पहिल्याच घासाला ठसका लागला. ऑफिसातल्या एक ज्येष्ठ बाई साष्टीच्या. त्यांनी बाटलीचा नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "हें विनागर न्हय गो बाय, हें आसिड!" घरी येऊन लेबल नीट वाचले. बारीक अक्षरांत 'सिंथेटिक' लिहिले होते, म्हणजे ॲसिटिक ॲसिड पाण्यात पातळ केलेले. बाई अगदी शब्दशः बरोबर होत्या.

खरे विनागर, म्हणजे आमचे गोव्याचे व्हिनेगर, माडाच्या सुरेचे, म्हणजे माडीचे. रेंदेर माडावर चढून पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, सूर काढतो. ती ठेवली की आधी तिच्यातल्या साखरेची दारू होते, मग हवेतले जिवाणू त्या दारूचे आम्ल करतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकत मिळते. एका शुक्रवारी रजा टाकून गेले आणि जुन्या फेणीच्या बाटलीत भरलेले, गढूळ पिवळसर विनागर घेऊन आले. बाटलीच्या गळ्याशी साय धरल्यासारखा चिकट पापुद्रा होता. मी तो घाण समजून काढून टाकला. नंतर कळले, तीच विनागरची 'आई', आम्ल करणाऱ्या जिवाणूंनी विणलेला पडदा. पुढच्या वेळेपासून तिला हात लावत नाही.

आमच्या हिंदू घरात मात्र हा पाहुणा नवा. आमचा आंबटपणा आमसुलाचा, चिंचेचा, बिमलीचा. विनागर म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती स्वयंपाकघरातला पदार्थ. सासूबाईंनी बाटली लांबूनच पाहिली. "तें सुरेचें न्हय गो?" मी दारूचे आम्ल कसे होते ते समजावू लागले. त्यांनी ऐकून घेतले आणि बाटली देवघराच्या भिंतीपासून दूर, खिडकीकडच्या फळीवर सरकवली. सोमवारी आणि एकादशीला ती उघडायची नाही, एवढ्यावर आमची तडजोड झाली.

नुसते विनागरही चांगले लागते, पण मला त्यात आपल्या मातीतले काहीतरी मुरवायचे होते. काचेच्या चार बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात खडखडीत वाळवल्या आणि प्रत्येकीत दोनशे मिली विनागर घातले. पहिलीत तिरफळ (मासळीच्या आमटीत घालतात ते वासाचे सुके फळ), दुसरीत लसूण नि खोल्याची सुकी मिरची, तिसरीत सोलां, म्हणजे आमसुले, आणि चौथीत कढीलिंब.

कढीलिंब आधी गेला. पाने धुऊन घाईत तशीच ओली टाकली आणि वरची दोन विनागरच्या बाहेर डोकावत राहिली. आठवड्याने त्यांच्यावर पांढरी बुरशी. सगळे ओतून दिले. जे घालायचे ते कोरडे हवे आणि पूर्ण बुडालेले हवे.

चौथ्या दिवशी लसणाच्या पाकळ्या निळ्या पडल्या. निळ्या म्हणजे मोरचुदासारख्या! नवऱ्याने बाटली उजेडात धरून विचारले, "हे विष कुणासाठी?" मीही घाबरले होते. मग शोधून वाचले. लसणातली गंधकाची संयुगे आम्लात अमिनो आम्लांशी जुळतात आणि असा रंग येतो, त्याने अपाय नाही. मूळ विंदालूचे पोर्तुगीज नावच 'विन्य द आल्यूश', त्यातले 'आल्यूश' म्हणजे लसूणच, म्हणजे ही जोडी गोव्याला काही नवी नाही. पाकळ्या गाळून टाकल्या आणि ते विनागर आजही वापरते. विनागरात लसूण ठीक, कारण तिथे आंबटपणा राखण करतो. तोच लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवायचा मोह मात्र टाळते; हवा नाही आणि आम्लही नाही अशा जागी बोट्युलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात.

या बाटलीचे पत्र्याचे झाकण आतून गंजले, ते वेगळेच. आता प्लॅस्टिकचे झाकण नाहीतर बूच.

सोलांच्या बाटलीला रंग असा आला की देखण्या फुलदाणीत ठेवावी. चव मात्र आंबटावर आंबट, दात आंबून जातील अशी. ती आता बीटाच्या आणि कांद्याच्या कोशिंबिरीला लागते, तीही गुळाचा खडा दुप्पट घालून.

आणि तिरफळ! बारा-पंधरा सुकी तिरफळे घ्यायची, आतली काळी बी काढून टाकायची (ती राहिली तर दाताखाली कचकच होते), सालपटे नुसती दडपून विनागरात घालायची. दोन आठवड्यांनी झाकण उघडले तर बांगड्याच्या हुमणाची, म्हणजे आमटीची, आठवण करून देणारा वास आला, पण मासळीशिवायचा. जिभेवर आधी लिंबाच्या सालीसारखे काहीतरी येते, मग हलकी मुंगी. तीन आठवड्यांनी सालपटे गाळून टाकली, नाहीतर कडूपणा उतरू लागतो असे वाटले.

तेलाच्या बाबतीत सगळीकडे वाचले होते, तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर. ते आपल्या जिभेला तेलकट लागते. आम्ही आंबट खाणारी माणसे. मी दोनास एकवर थांबले. पहिल्यांदा गोव्याचा अभिमान म्हणून खोबरेल घेतले, कालवले आणि बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी वर मेणाचे बूच! खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते हे थंडीत केसांना तेल लावणाऱ्या मला तरी माहीत असायला हवे होते. आता तिळाचे तेल.

दुसरी अडचण म्हणजे तेल वर, विनागर खाली, कितीही हलवा. यावरचा उपाय मला आईच्या कोशिंबिरीत सापडला, फेसलेल्या मोहरीत. मोहरीची पूड तेलाचे बारीक थेंब धरून ठेवते. पण ती थेट विनागरात कालवली तर झणका उठतच नाही, आम्लाने तो दबतो. म्हणून आधी चमचाभर पाण्यात फेसायची, दहा मिनिटे थांबायचे, नाकात गेली की मग विनागर. आईने हे कधी समजावले नव्हते. ती नुसती म्हणायची, "आधी फेस, मग आंबट घाल."

तर माझे एका डब्याचे माप असे: पाव चमचा मोहरीपूड पाण्यात फेसलेली, एक चमचा तिरफळाचे विनागर, त्यात चिमूटभर मीठ आणि सुपारीएवढा माडाचा गूळ पूर्ण विरघळवायचा. मीठ आणि गूळ तेलात विरघळत नाहीत, म्हणून तेल शेवटी, दोन चमचे, थोडे थोडे. झाकण लावून जोरात हलवायचे. दुपारपर्यंत थोडे सुटे होते, तेव्हा पुन्हा हलवायचे. काकडी, मुळा, कोवळी तांबडी भाजी, भिजवलेले मूग, काहीही चालते. पावसाळ्यात तवशे, म्हणजे मोठी गावठी काकडी, निघाले की त्याच्या जाड फोडींवर हेच. कोबीवर मात्र लसणाचे बरे.

गेल्या महिन्यात म्हापशाला गेले तर विनागरवाल्या बाईंकडे तीनच बाटल्या होत्या. "रेंदेराचो पूत तारवार गेलो," त्या म्हणाल्या, म्हणजे मुलगा जहाजावर नोकरीला गेला. माडावर चढायला आता म्हाताऱ्याचे गुडघे साथ देत नाहीत. मी दोन घेतल्या.

घरी आले तर सासूबाई ओट्याशी मुळ्याचा कीस घेऊन उभ्या. शुक्रवार होता. "ती तुझी तिरफळाची बाटली कुठली गो, डावीकडची?" मी दाखवली. त्यांनी चमचाभर घातले, चाखले, अर्धा चमचा आणखी घातले, आणि वर खोबरेलाची फोडणी दिली.