आमची वाटचाल: फुगलेली सील आणि लालबागचा गाळा

ब्रेकचं काम करणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. इंजिन कुणी बांधलं हे गाडीवाला चारचौघांत सांगतो, टाकीवरची सोनेरी रेघ कुणी ओढली तेही सांगतो. ब्रेक लागला तर त्यात काय सांगायचं? लालबागच्या गाळ्यात आम्ही जुन्या मोटरसायकलींचे ब्रेक दुरुस्त करतो, म्हणून म्हटलं, आपलं आपणच लिहावं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मिलच्या वर्कशॉपात टर्नर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढचं गिरणगावात कुणाला सांगायला नको. मिलचा भोंगा आता वाजत नाही हे अण्णांनी चाळीतल्या बाकीच्यांच्या आधी ओळखलं. जुना गॅपवाला लेथ हप्त्याने घेतला आणि टॅक्सी-टेम्पोच्या ब्रेक शूंना (चाकाच्या ड्रमला आतून घासणाऱ्या अर्धगोल पट्ट्यांना) लायनर, म्हणजे घासणारं अस्तर, मारून द्यायला सुरुवात केली. तो लेथ आजही चालतो. बेडचा पुढचा तुकडा काढला की मोटरसायकलचं अख्खं चाक, रिम-स्पोकांसकट, त्यावर फिरतं.

या एका सोयीने आम्हाला शर्यतीच्या गाड्यांकडे नेलं. सुटा ड्रम कितीही गोल करा, स्पोक भरून ताणले की हब (चाकाचा मधला भाग) ओढला जातो आणि ड्रम अंडाकार होतो. मग लिव्हर बोटांखाली धडधडतो. गाडीवाला म्हणतो शू खराब, नवे टाकतो, परत तेच. चाक बांधून, सरळ करून झाल्यावरच ड्रमवरून हलका कट घ्यायचा आणि मग लायनर त्याच गोलाईला टर्न करायचं, म्हणजे शू टोकावर न टेकता पूर्ण बसतो. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर पळालेल्या बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ या इंग्रजी मोटरसायकली मुंबईत ज्यांच्याकडे होत्या, ते याच कामासाठी आमचा गाळा शोधत यायचे. दोन लीडिंग शूंचा, म्हणजे प्रत्येक शूला स्वतःचा कॅम (शू ढकलणारा उंचवटा) असलेला ब्रेक असेल तर अण्णा दोन्ही कॅम जोडणारा मधला दांडा आधी सोडायचे, दोन्ही कॅम वेगवेगळे हाताने फिरवून शू ड्रमला भिडवायचे आणि त्या स्थितीत दांड्याची लांबी जुळवायचे. दांडा जोडलेला ठेवून नुसता केबलचा नट फिरवणाऱ्याला ते गाळ्यात उभं करत नसत.

नंतरची बरीच वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

भागीदार आला तो डिस्क ब्रेकच्या कामासाठी. त्याचं नाव इथे लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. बोलण्यात पटाईत होता, पॉलिशचा हातही चांगला होता, हे मान्य. दादर पारशी कॉलनीतल्या शेठना त्यानेच गाळ्यावर आणलं, तेही मान्य. शेठची गाडी म्हणजे नॉर्टन कमांडो ७५०, शर्यतीसाठी सोलून हलकी केलेली. पुढे १०.७ इंची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी), लॉकहीडचा कॅलिपर (पॅडांनी डिस्क चिमटीत धरणारा भाग). तक्रार एकच होती, लिव्हर दगडासारखा घट्ट आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. चार ठिकाणी दाखवून झालं होतं. सगळ्यांनी पॅड बदलले होते.

दोष पॅडचा नव्हताच. या गाडीचा मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) पाच अष्टमांश इंची, म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटरचा. बोअर, म्हणजे आतलं भोक, एवढा मोठा की हाताच्या जोरातून दाब तयारच होत नाही. आम्ही आत स्लीव्ह (बारीक नळी) बसवून बोअर १३ मिलिमीटरवर आणला. क्षेत्रफळाचा हिशेब करा, तेवढ्याच जोरात दाब दीडपट होतो. लिव्हर थोडा जास्त आत येतो, ते चालतं. खरं काम स्लीव्ह बसवल्यावर सुरू होतं, कारण ऑइल टाकीत परत जायचं बारीक भोक नव्याने पाडावं लागतं आणि आतल्या बाजूला त्याची कड तसूभरही उभी राहता कामा नये, नाहीतर रबरी कप पहिल्या दिवशीच कापला जातो. कॅलिपरचे पिस्टन क्रोमचे होते, रबरी सीलखाली गंजाने खड्डे पडलेले. गुलालवाडीहून स्टेनलेसचा रॉड आणून दोन्ही पिस्टन लेथवर काढले. शेठनी पुढच्या लिव्हरवर दोन बोटं ठेवून गाळ्यासमोरच गाडी थांबवली. त्या दिवसापासून त्यांची कुठलीही गाडी दुसरीकडे गेली नाही.

आणि याच गाडीवर भागीदाराने, मी गावी गेलेलो असताना, बाजारातला तयार होज (ब्रेक ऑइलची नळी) बसवायला म्हणून मास्टर सिलिंडरच्या तोंडात दहा मिलिमीटरचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) घुसवला. इंग्रजी गाडीचे तिथले आटे तीन अष्टमांश इंचाचे, इंचाला चोवीस. साडेनऊ मिलिमीटरच्या भोकात दहाचा टॅप शिरतो, ॲल्युमिनियम बिचारं कापलं जातं, बोल्ट बसतोही. मग थेंब थेंब ऑइल पाझरत राहतं आणि पेट्रोलच्या टाकीच्या रंगाचे पोपडे निघतात. मला ते बुश मारून, आत पुन्हा मूळचे आटे पाडून सारखं करावं लागलं. त्यावरून आमचं वाजलं. जाताना त्याने कॅलिपरच्या रबरी सील बनवायचा आमचा साचा नेला. साच्याचे पैसे दोघांचे, ड्रॉइंग माझं, मापं अण्णांच्या व्हर्निअरने घेतलेली. साचा मात्र त्याच्या पिशवीत!

आता हा साचा एवढा महत्त्वाचा का? कॅलिपरमधलं चौकोनी सील नुसतं ऑइल अडवत नाही. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर जरा वाकतं आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. मागे ओढणारी स्प्रिंग म्हणून वेगळी काही नसतेच, सगळा भार या रबरावर. ते ईपीडीएम नावाच्या रबराचं लागतं, कारण डॉट ३, डॉट ४ हे ग्लायकोलचं ब्रेक ऑइल त्याला मानवतं. नागदेवी स्ट्रीटला ओ-रिंग मागितली की सहसा नायट्राइल या दुसऱ्या रबराची हातात पडते. इंजिन ऑइलला ती उत्तम, ब्रेक ऑइलमध्ये फुगते. दोन्ही काळी, दोन्ही चकचकीत, मापही तेच.

मी नवा साचा केला आणि एका नव्या मोल्डिंगवाल्याकडे काम दिलं. त्याने नमुने दिले ते पास झाले. पहिला माल आला, पाकिटातून काढून तपासला, पास झाला. बिलावर ईपीडीएम लिहिलेलं. त्या पठ्ठ्याने वरचा थर खरा दिला होता आणि खाली नायट्राइल भरलं होतं. काही आठवड्यांनी एकेक गाडी परत यायला लागली. ब्रेक चिकटतो, चाक हाताने फिरत नाही. खंडाळ्याच्या घाटात एकाची डिस्क तापून निळी पडली. नशीब, गाडी थांबल्यावर लक्षात आलं. भागीदाराला आयतं कोलीत मिळालं. निळ्या डिस्कचा फोटो फोनाफोनी फिरला, खाली आमच्या गाळ्याचं नाव. त्याच्या दुकानात तीच सील, माझ्याच साच्यातली, काचेच्या बरणीत मांडलेली.

मी सगळ्यांचे कॅलिपर परत मागवले, खोलले, पैसे परत केले. गाळ्याचं भाडं थकलं. लेथ बघायला कुर्ल्याहून एक गिऱ्हाईक येऊन भावही करून गेलं. अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, त्यांना यातलं काही सांगितलं नाही. शेठ मात्र नॉर्टन घेऊन स्वतः आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "डिकरा, माझ्यासमोर खोल आणि माझ्यासमोरच बसव." सील निघाली ती धडधाकट होती, वरच्या थरातली. तरी ती टाकून दुसरी बसवायला लावली. निघताना बाकीच्या दोन गाड्यांच्या कामाचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले आणि संध्याकाळपासून ओळखीच्या गाडीवाल्यांना फोन लावत सुटले. लेथ विकला नाही.

तेव्हापासून प्रत्येक सीलला आमच्याकडे नंबर असतो आणि प्रत्येक पाकिटातून, वरून, मधून, खालून, काही सीलांचा बळी जातो. अर्ध्या पेट्रोलमध्ये, अर्ध्या ब्रेक ऑइलमध्ये, दुसऱ्या दिवशी व्हर्निअर. पेट्रोलमध्ये फुगली ती आपली. पेट्रोलमध्ये शांत बसली आणि ऑइलमध्ये फुगली ती घरभेदी. कुणीही घरी करून बघावं.

भागीदाराचं दुकान जोरात आहे. रॅलीत त्याचा तंबू असतो, फलकावर "ब्रेक स्पेशालिस्ट" असतं. त्याने चमकवलेले कॅलिपर दिसायला सुंदर असतात, त्यात वाद नाही. त्यातले किती नंतर गुपचूप लालबागला येतात हे मी सांगत नाही.

नव्या पोरांसाठी थोडं लिहितो, ऐका नाहीतर सोडा. ब्रेक चिकटला की लगेच कॅलिपर खोलू नका. चाक उचला, आधी मास्टर सिलिंडरजवळचा होजचा बोल्ट जरा सैल करा. चाक सुटलं तर दोष वर आहे, बहुतेक ते बारीक भोक बुजलंय. ते गिटारच्या सर्वात पातळ तारेने मोकळं करा, ड्रिल लावलात तर सिलिंडर फेकावा लागेल. वर सैल करून सुटलं नाही, पण खाली कॅलिपरवरचं ब्लीड निपल (हवा काढायची तोटी) उघडल्यावर सुटलं, तर होज आतून सुजलाय, बाहेरून कितीही नवा दिसो. निपल उघडूनही सुटलं नाही तर पिस्टन अडकलाय. बऱ्याचदा सीलच्या खाचेत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साचून सील पिस्टनवर आवळलं जातं. खाच साफ करायला मी पितळी पट्टी घासून केलेला आकडा वापरतो, लोखंडी टोकाने ओरखडे पडतात. जोडून झाल्यावर ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढून लिव्हर हळूच दाबा. ऑइलमधून छोटं कारंजं उडालं तर भोक मोकळं आहे. तोंड जरा लांब ठेवा.

आणि ऑइल. डॉट ४ चा कोरडा उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावरचा किमान १५५. मुंबईच्या पावसाळ्यात अर्धवट वापरलेला डबा फळीवर ठेवून पुढच्या वर्षी ओतणाऱ्याने शर्यतीच्या गाडीवर बसू नये. लहान डबा घ्या, उरलं तर टाकून द्या. डॉट ५ सिलिकोनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

काम पाठवायचं असेल तर कॅलिपर आहे तसा पाठवा. पिस्टन अडकला असेल तर पकडीने ओढू नका. आम्ही ग्रीस पंपाने दाब देऊन काढतो आणि आतली जुनी सील नाहीतरी फेकूनच देतो. रंग काढू नका, पॉलिश करू नका. सोमवारी गाळा बंद असतो.